ओल्या जमिनीतला दगड

दिंका कॉफीत साखर घालत नसे. साखरेचा खडा दातांत धरायची आणि त्याच्यावरून कॉफी ओढायची. मिठाचा डबा उघडण्याआधी कानाशी धरून हलवायची. कुठलाही दगड हातात आला की आधी नखाने टिचकी मारायची, मग बघायची. दगड चिकटवलेल्या लाखेच्या दांड्या फ्रीजमध्ये, मटारच्या पिशवीशेजारी ठेवायची, आणि पाहुण्याला बर्फ हवा असला तर स्वतः उठायची. उजवा हात कमरेवर पुसायची, कोरडा असला तरी. 'सुंदर' हा शब्द तिच्या तोंडी नव्हता. फारच आवडलं तर म्हणायची, "ठीक आहे." कोणी दगड चाटायला लागलं की तोंड फिरवायची. बोलता बोलता खोकला आला की दगड घासायचं चाक थांबवायची, खोकून घ्यायची, चाक सुरू करायची आणि ज्या शब्दावर थांबली होती तिथूनच पुढे बोलायची.

गेल्या महिन्यात ती वारली.

गावात तिला सगळे 'तेता' म्हणत. तेता म्हणजे मावशी, आत्या, काकू, काहीही. आमच्या क्रोएशियन घरांतून ते नाव ग्रीकांकडे गेलं, सर्बांकडे गेलं, पोलीसचौकीतही गेलं. मीही तेताच म्हणायचे. दिंका हे फक्त कागदावर. तोंडावर कधी जमलं नसतं.

कूबर पीडीत, ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या या ओपलच्या खाणींच्या गावात, उन्हाळा जमिनीच्या वर असतो. आम्ही खाली राहतो. तिचं घरही टेकडीच्या पोटात खणलेलं. पहिल्या खोलीत ती काम करायची. घासायची चाकं, वरून थेंब थेंब पडणारं पाणी, एक दिवा, एक तराजू. त्यामागे स्वयंपाकघर. त्यामागे झोपायची खोली. भिंती तांबूस, खणणाऱ्या यंत्राच्या नांग्यांचे गोल ओरखडे अजून त्यांच्यावर होते. नवऱ्याने, आन्तेने, खणलेलं घर. आन्ते एका दुपारी ट्रकच्या सावलीत बसला तो उठला नाही. मी तेव्हा शाळेत होते.

ओपल कापणारे गावात पुष्कळ आहेत. पण बाहेरून आलेला खरेदीदार दगड हातात घेऊन एकच विचारायचा, "दिंकाने पाहिलाय का?" तिने पाहून होकाराची मान हलवली असेल तर पुढचं बोलणं किमतीचं व्हायचं. नाही तर दगडाचंच होत राहायचं.

कारण ओपलच्या पोटात पाणी असतं. जमिनीतून वर काढला की ते हळूहळू निघून जायला लागतं. काही दगडांना त्याचं काही वाटत नाही. काही दगड महिन्याभरात, वर्षाभरात कोळ्याच्या जाळ्यासारखे तडकतात. पाण्यात बुडवले की भेगा सहजासहजी दिसत नाहीत आणि रंग दुप्पट दिसतो. म्हणून खाणवाले दगड पाण्याच्या बरणीत ठेवतात, किंवा दाखवायच्या आधी चाटतात. सगळ्यांना हे माहीत आहे. सगळे हेच करतात.

तेता करत नसे.

ती मूळची दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरची. नीन गावातल्या मिठागरात वाढलेली. आई लाकडी फावड्याने मीठ ओढायची, ही मागे टोपली घेऊन. "तिकडे आम्ही हात जोडायचो, की बाबा पाण्या, जा," ती म्हणायची. "आणि इथं येऊन हात जोडते, की नको जाऊस. देवाला वाटत असेल या बाईचं डोकं फिरलंय."

आन्तेला एकदा मोठा दगड सापडला होता. तिने तो घासला, चकाकी आणली, मखमलीवर ठेवला. काही महिन्यांनी मखमलीवर तुकडे होते. तेव्हा तिने पत्राने शिकवणाऱ्या एका कॉलेजात रसायनशास्त्राला नाव घातलं. पन्नाशीत. इंग्रजी मोडकंतोडकं. गणितात दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा बसली नाही. म्हणाली, "मला हवं होतं ते मिळालं. बाकीचं त्यांचं त्यांना लखलाभ."

मी अॅडलेडला जाऊन साहित्य शिकले आणि परत आले. मोटेलच्या काउंटरवर बसायचे, दुपारी सुट्टी. ती दुपार तेताकडे जायची. तिने पहिल्याच दिवशी माझं नाव बदललं.

"ये, प्रोफेसर. काय शिकलीस तिकडे?"

"कादंबऱ्या, तेता. कविता."

"आणि पोट कशावर?"

"चाव्या देते प्रवाशांना."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली. "बस. कॉफी घे."

एकदा मी विचारलं, "पाणी गेलं की मीठ घट्ट होतं. मग पाणी गेलं की ओपल का फुटतो?"

तिने चाक थांबवलं. स्वयंपाकघरात जाऊन आली. टेबलावर चार गोष्टी मांडल्या. मिठाचा खडा, बशीत बर्फ, लाखेचा तुकडा, कापून उरलेली ओपलची चकती.

"चारही घट्ट," ती म्हणाली. "आता प्रत्येकाला विचार, बाबा तू कशाने घट्ट?"

मी मिठाकडे बघितलं.

"मिठात दोन जातींचे कण. एक धन, एक ऋण. एकाशेजारी दुसरा, दुसऱ्याशेजारी पहिला, थेट टोकापर्यंत. असे धरतात एकमेकांना की भट्टीत लालबुंद झाले तरी सोडायला तयार नाहीत. पाणी मधे होतं तोवर ते वेगळे फिरत होते. पाणी गेलं, रांग लागली. म्हणून चौकोनी."

"आणि बर्फ?"

"त्याच्यातही रांग आहे. पण पकड हलकी. बघ, आपण बोलतोय तेवढ्यात सोडायला लागला." बशीत पाणी झालं होतं. "हे पाणी चुलीवर ठेव, उरलीसुरली पकडही सोडेल, वाफ होऊन निघून जाईल. कण तेच. फुटत नाहीत, बदलत नाहीत. नुसतं कोण कोणाला किती धरतं, एवढंच."

लाखेचा तुकडा तिने दिव्यावर धरला. तो चमकला, वाकला, दांडीवर ओघळला.

"याच्यात रांगच नाही. लांबलांब कण, लोकरीच्या गुंड्यासारखे. याला वितळायचा असा एक ठरलेला क्षणसुद्धा नाही. आधी मऊ, मग अजून मऊ. सासरी आलेल्या मुलीसारखा."

"आणि ओपल?"

तिने चकती दिव्यासमोर धरली. लाल, मग हिरवी.

"हा अवघड. गोळ्यांची रास. गोळे इतके बारीक की भिंगातूनही दिसायचे नाहीत. वाळूचाच माल. गोळ्याच्या आत सगळा गोंधळ, काचेसारखा. पण गोळे मात्र रांगेत, बाजारातल्या संत्र्यांसारखे. ती रांग आहे म्हणून हा रंग. आणि संत्र्यांच्या मधल्या जागेत पाणी. ते गोळ्यांना चिकटून असतं. ते घाईने निघालं की बाहेरची बाजू आक्रसते, आतली तशीच राहते. दोघींचं पटत नाही. मग टक्."

मी चकती तिच्या हातातून घेतली. मग म्हटलं, "तेता, हे माणसांबद्दलच आहे, नाही?"

"नाही," ती म्हणाली. "दगडाबद्दल आहे. माणसांबद्दल बोलायचं असेल तेव्हा माणसांबद्दल बोलेन."

आणि चाक सुरू केलं.

पेरो दगड घेऊन आला तेव्हा मी तिथंच होते. पेरो एकटा खणायचा. गावाच्या उत्तरेला जमीन सखल आहे, खाली माती ओली लागते. तिथला दगड रंगाने वेड लावतो आणि कोरडा पडला की हमखास तडकतो. म्हणून तिकडे कोणी जात नाही. पेरो जायचा, कारण तिकडे कोणी जात नाही. आन्तेचा तो दगडही तिथलाच होता.

पेरोच्या पाठीचा मणका सरकला होता. पुन्हा खाली उतरलास तर चालायचं विसर, असं डॉक्टरने सांगितलेलं. हा दगड विकला गेला तर त्याला उतरावं लागणार नव्हतं. फुटला तर उतरण्यावाचून गत नव्हती. त्याला दुसरं काही येत नाही.

त्याने कॉफीची बरणी टेबलावर ठेवली. पाण्यात दगड होता. माझ्या अर्ध्या तळहाताएवढा. मी बरणीवर वाकले. निखारे हलल्यासारखं आत काहीतरी हलत होतं.

"तेता, कापून टाक," पेरो म्हणाला. "आत्ता हसतोय तो."

"ओला आहे म्हणून हसतोय. आंघोळ करून आलेला प्रत्येक जण देखणा असतो, पेरो. तुझ्या लग्नात तूसुद्धा होतास."

"चेष्टा नको. हिवाळ्यात मिस्टर लाम येतोय हाँगकाँगहून. तू मान हलवलीस की झालं."

"मान माझी आहे."

"मी कुठं नाही म्हणतोय?"

"मग ती मी कोरड्या दगडावर हलवते." तिने बरणी दिव्याकडे फिरवली. बराच वेळ बघत राहिली. मी तिला इतका वेळ एखाद्या दगडाकडे बघताना पाहिलं नव्हतं. "खालची माती आणलीस का? याच्या भोवतीची?"

"माती कशाला?"

"आण. बादलीभर."

तिची रीत अशी होती. बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यात दगडाच्याच भोवतीची ओली माती दाबून भरायची, मधोमध दगड. झाकणाला बारीक भोकं, आणि प्रत्येक भोकात लाखेचं बूच. काही आठवड्यांनी एक बूच काढायचं. मग वाट बघायची. मग दुसरं. अधूनमधून दगड काढून, मऊ फडक्याने पुसून, तराजूवर ठेवायचा. वजन उतरत असेल तर पाणी जातंय. वजन एका जागी थांबलं, की जे जायचं ते गेलं. आकडा ती भिंतीवर खडूने लिहायची, नवा लिहिताना जुना पुसायची. वही ठेवत नसे. "मागचं वजन बघून काय करायचंय?"

लहान दगड तिने असे पुष्कळ वाचवले होते. ओल्या जमिनीतला मोठा दगड एकही नाही. दोन प्रयत्न केले होते, दोन्ही फुटले. ते तिनेच मला सांगितलं, बूच काढता काढता.

"आणि हा?"

"हा मला कोरडा बघायचाय," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढं मागणं मी एकदाच ऐकलं.

तेव्हा तिला जिना चढताना धाप लागायला लागली होती. सुरुवातीच्या वर्षांत सगळेच कोरडं घासायचे. खोली पांढऱ्या धुळीने भरायची, तिच्यातच जेवायचे. धूळ दगडाचीच. फुप्फुसात गेलेली ती धूळ बाहेर येत नाही. डॉक्टरने पडद्यावर तिला तिची छाती दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे आतूनही खाण झाली." डॉक्टर हसला नाही. घरी आल्यावर मला म्हणाली, "बिचारा, तरुण आहे."

उन्हाळ्याच्या शेवटी तिला अॅडलेडला न्यावं लागलं. जाताना डबा माझ्याकडे दिला.

"वजन घटायचं थांबलं तर एक बूच काढ. घटत असेल तर हात लावू नकोस. कोणी बघायला मागितलं तर नाही म्हण."

"पेरोने मागितलं तर?"

"त्याला तर आधी."

मिस्टर लाम हिवाळ्याची वाट न बघता आला. पेरो माझ्याकडे आला तेव्हा दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. मला लगेच कळलं.

"नुसता दाखवतो," तो म्हणाला. "पाच मिनिटं."

"तेता नाही म्हणाली आहे."

"दगड कोणाचा आहे?"

दगड त्याचा होता. मी डबा दोन्ही हातांनी धरून उभी होते आणि त्याने तो माझ्या हातांतून हळूच काढून घेतला. ओढला नाही. तेवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं.

मी मोटेल बंद करून क्लबात गेले तोवर संध्याकाळ होत आली होती. क्लब जमिनीच्या वर आहे, पत्र्याचा. आत सगळे एका टेबलाभोवती. मधे बिअरचा ग्लास, ग्लासात पाणी, पाण्यात दगड. कोणीतरी दिवा खाली ओढला होता. छतावर लाल ठिपके फिरत होते. म्हातारा कोस्ता, तोही ओपल कापतो, हात जोडून बसला होता, चर्चमध्ये बसतात तसा. महिनोन्‌महिने जपून घालवलेलं पाणी त्याच्या पोटात परत चाललं होतं. आणि तो इतका देखणा दिसत होता की मला रागावताही येईना.

मिस्टर लाम हॅट मांडीवर ठेवून बसला होता. सौम्य माणूस, दरवर्षी येतो, सगळ्यांच्या मुलांची नावं त्याला पाठ. त्याने भिंग बाहेर काढलं नव्हतं.

"दिंकाने पाहिलाय?" त्याने विचारलं.

पेरो उठला आणि काउंटरवरच्या फोनवरून हॉस्पिटलला फोन लावला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्या आवाजाचं बटण दाबलं. त्याला खात्री होती, असं मला आता वाटतं. एका मरणाऱ्या बाईकडून एका 'हो'ची.

"तेता, मी पेरो. मिस्टर लाम इथं बसलेत. दगड समोर आहे. तू फक्त हो म्हण."

पलीकडून नळीतल्या प्राणवायूचा आवाज आला.

"समोर म्हणजे कुठं?"

"टेबलावर."

"कशात?"

पेरोने माझ्याकडे पाहिलं. "ग्लासात."

"ग्लासात काय?"

"पाणी."

मागे कोणीतरी हसलं आणि थांबलं.

"किती वेळ झाला?"

"आत्ताच. म्हणजे, दुपारपासून."

"मग बाहेर काढू नकोस," ती म्हणाली. तिला श्वास घ्यायला थांबावं लागत होतं. "ऐकतोयस का, गाढवा? पुसू नकोस. आता हवेत काढलास तर तिथंच जाईल. तसाच, पाण्यासकट, खाली घेऊन जा. प्रोफेसरकडे दे."

"आणि मिस्टर लाम?"

"त्यांना म्हणावं, पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी!" पेरो ओरडला. "पुढच्या वर्षी तू असशील का?"

कोस्ताने डोळे मिटले.

"ते मला काय माहीत," तेता म्हणाली. "हो मी पाहिल्याशिवाय म्हणत नाही. तुला म्हणायचं तर तू म्हण, दगड तुझा आहे."

फोन ठेवल्याचा आवाज आला. पेरो ग्लासाजवळ येऊन उभा राहिला. त्याला 'हो' म्हणता आलं असतं. मिस्टर लाम त्याच्याकडे बघत होता, आम्हीही.

"नाही पाहिलाय," तो शेवटी म्हणाला.

मिस्टर लामने हॅट घातली. "मी पुढच्या वर्षी येईन," तो म्हणाला. "कोणाला देऊ नका."

पेरोने ग्लासावर बशी झाकली आणि माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघितलं नाही. दोन दिवसांनी माझ्या दारात ओल्या मातीची बादली होती. त्या पाठीने तो खाणीत उतरला होता. मी त्याच्या घरी गेले तर पालथा झोपला होता आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "तेताला सांगू नकोस."

तेताला आठवडाभरात घरी पाठवलं. सोबत प्राणवायूचं यंत्र, नाकात नळ्या. तिथं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने आधी दगड मागितला. पाण्यातून न काढता दिव्यासमोर फिरवला. एका कोपऱ्याशी थांबली. मला दाखवलं. केसाएवढी एक भेग, नखाच्या अर्ध्या लांबीची.

"ग्लासात टाकताना पडली," ती म्हणाली. "कोरडा व्हायला लागलेला दगड एकदम प्यायला की पडते."

"आता?"

"आता पुन्हा."

"पहिल्यापासून?"

"मग काय मधूनच?"

तिने पेरोला बोलावून घेतलं. तो दारातच उभा राहिला, टोपी हातात.

"आत ये. खातोस का सार्मा? प्रोफेसरने केलाय, मीठ कमी आहे."

"तेता, मी फोनवर..."

"माती कोणी आणली?"

पेरो माझ्याकडे रागाने बघायला लागला. मी मान हलवली, मी सांगितलेलं नव्हतं.

"मला वासावरून कळतं," ती म्हणाली. "ताजी आहे. पुन्हा उतरलास तर तुझे पाय मी मोडेन. बस."

तो बसला आणि सार्मा, कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा, जेवला. तिच्या यंत्रात पाण्याची एक छोटी बाटली असते, हवा तिच्यातून बुडबुडत जाते, नाहीतर नाक आतून कोरडं पडून फुटतं. पेरो त्या बाटलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तेता, तुलाही डब्यात ठेवलंय म्हण की."

ती इतकी हसली की आम्हाला यंत्र वाढवावं लागलं.

दुसऱ्या वेळी तिने घाई आणखी कमी केली. बुचं जास्त, भोकं बारीक. हिवाळा गेला. ती खुर्चीवरून उठेनाशी झाली, मग खुर्ची तराजूजवळ हलवली. वजन मी करायचे, आकडा ती लिहायची. खडू धरलेला हात थरथरायचा पण आकडा नीट असायचा. पेरो रोज यायचा. डब्याकडे बघायचा नाही. भांडी घासायचा. त्यांच्या भांडणांचे विषय बदलले. कोबी किती शिजवावा. नीनचं मीठ चांगलं की पागचं. पेरो पाग बेटावरचा होता.

"तुमचं मीठ म्हणजे समुद्राची थुंकी," ती म्हणायची.

"आणि तुमचं?"

"आमचं पाणी शांतपणे जायचं. म्हणून खडे मोठे."

मग एकदा आकडा बदलला नाही. पुढच्या वेळी बदलला नाही. तिने सगळी बुचं काढायला लावली, झाकण काढायला लावलं. माती केव्हाच कोरडी झाली होती, हाताने भुगा होत होती. दगड उघड्यावर ठेवला. पुन्हा वजन केलं. तेच. ओला असताना होता त्यापेक्षा रंग थोडा मंद होता, थोडा खोल गेलेला. पण होता. कोपऱ्यातली भेग तेवढीच होती. दुसरी नव्हती.

पेरोने तो हातात घेतला आणि दोनदा उलटून पाहिला. "झालं?"

"अर्धं झालं," ती म्हणाली. "आता कापायचा."

"कोस्ताला देऊ? तुला दम..."

तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो भांडी घासायला गेला.

हा दगड तिने चुलीवर तापवला नाही. कंदिलाच्या काचेवर पातळ लाकूड, त्यावर दगड, आणि तो कोमट व्हायची वाट. तेवढ्यात लाख दिव्यावर मऊ केली, दांडीच्या टोकाला गोळा केला, दगड त्यावर बसवला, ओल्या बोटांनी कड दाबली. मला म्हणाली, "हा काढायचा तेव्हा फ्रीजमध्ये ठेवायचा नाही. बाकीच्यांना चालतं, थंडीने लाख आक्रसते, टिचकीने सुटते. पण याच्या पोटात कुठं थेंबभर राहिला असला तर त्याचा बर्फ होईल. बर्फाला पाण्यापेक्षा जागा जास्त लागते. स्पिरिटमध्ये ठेवायचा, लाख आपोआप सुटेल."

"तूच काढशील ना," मी म्हटलं.

तिने पाणी सोडलं, चाक सुरू केलं.

भेगेचा कोपरा आधी गेला. मग आकार. ती थोडा वेळ घासायची, मान मागे टेकायची, पुन्हा घासायची. एका चाकाचे ओरखडे पुढचं चाक पुसतं, त्याचे त्याच्या पुढचं. असं बारीक बारीक होत शेवटी चामड्यावर पॉलिश. त्या शेवटच्या टप्प्यापर्यंत दगडाचं तोंड धुरकट असतं. त्या दिवशी दुपारी तिने चामडं ओलं केलं, वाटीत पांढरी पूड कालवली आणि उजवी बाजू लावली. धुरकटपणा सरकला. पेरो हातात ताट घेऊन दारात उभा होता. ताटातून साबणाचं पाणी गळत होतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "उरलेलं उद्या. हात थकला."

दुसऱ्या दिवशी मी दुपारच्या आधीच गेले, का ते सांगता येत नाही. पेरो तिच्या पलंगाशी बसला होता. यंत्र चालू होतं, बाटलीत बुडबुडे येत होते. ती त्या हवेची वाट बघत नव्हती.

तिला गावाच्या कडेला आन्तेशेजारी पुरलं. तिथली माती कोरडी आहे.

मिस्टर लाम आला, म्हणाला होता तसा. पेरोने त्याला तिच्या घरीच नेलं. त्याने दगड दिव्याखाली धरला, कोरडा, दांडीसकट, आणि या वेळी भिंग काढलं. खूप वेळ लावला. मग तेच विचारलं. पेरो म्हणाला, "पाहिलाय." हातावर हात पडला. पेरोला आता खाणीत उतरायचं नाही. तो अजून सकाळी लवकर उठतो आणि कुठं जावं ते त्याला कळत नाही.

उरलेलं पॉलिश हाँगकाँगला आपली माणसं करतील, मिस्टर लाम म्हणाला. पेरो नको म्हणाला, इथंच होईल. मग घाई नाही, असं म्हणून मिस्टर लाम गेला. कोस्ता आला, म्हणाला, एका सकाळचं काम आहे. बसला, चाक सुरू केलं, दगड हातात घेतला, परत ठेवला. म्हणाला, आज डोळे ठीक नाहीत. पेरोने मला विचारलं, तू करशील का, बसायचीस ना तिच्याशेजारी? मी म्हटलं, बसायचे.

दगड तिच्या टेबलावर आहे, लाखेवर, दांडीला. वाटीतली पूड वाळून तिच्या बोटाची खूण उठली आहे. उजव्या बाजूत खोलीतला दिवा दिसतो. डावीकडे अजून शेवटून दुसऱ्या चाकाच्या रेघा आहेत. बारीक, तिरक्या, कडेपर्यंत. तेवढी बाजू राहिली आहे.